वेगाचा कर्ता कोण? एरो सायकलीच्या गुणदोषांचा विचार

एरोडायनॅमिक रोड सायकल, सायकलपटूंच्या बोलीत ‘एरो बाईक’, ही हवेचा अडथळा शक्य तितका कमी करण्यासाठी घडवलेली शर्यतीची सायकल असते. जुन्या रेसिंग सायकलींच्या नळ्या गोल असत. हिच्या नळ्या पुढून अरुंद आणि मागे लांबट असतात, आणि त्यांची शेपूट टोकापर्यंत निमुळती न करता मध्येच सपाट कापलेली असते. हा आकार 1930 च्या दशकात जर्मन अभियंते वुनिबाल्ड काम यांच्या मोटारींवरील संशोधनातून पुढे आला. शेपूट कापली तरी हवा जवळजवळ पूर्ण निमुळत्या आकारावरून वाहावी तशीच वाहते, आणि वजन वाचते. चाकांच्या रिम खोल असतात, सीटपोस्ट चपटा असतो, ब्रेकच्या नळ्या आणि गिअरच्या तारा हँडलमधून व फ्रेमच्या पोटातून नेलेल्या असतात.

अशा सायकलीचे गुणदोष बहुधा वॅट आणि ग्रॅम यांत मोजले जातात. ते मोजलेच पाहिजेत, पण त्याने काम संपत नाही. साधनाचा गुण साध्यावरून ठरतो, आणि येथे साध्याबद्दलच एकमत नाही. शर्यतीचे साध्य निव्वळ वेग असेल, तर सर्वांत चांगली सायकल म्हणजे मोटारसायकल. साध्य माणसाचा कस पाहणे असेल, तर यंत्राच्या आकाराने मिळालेला वेग कोणाच्या नावावर मांडायचा, हा प्रश्न उरतो. सायकल शर्यतींच्या इतिहासात या प्रश्नावरून विक्रम दिले गेले, रद्द झाले आणि पुन्हा दिले गेले.

आधी हिशेब. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या आसपास धावताना स्वाराच्या शक्तीचा 80 टक्क्यांहून अधिक भाग हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. स्वार आणि सायकल मिळून हवेला किती अडवतात, हे एका आकड्यात सांगता येते: समोरून दिसणारे क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक. याला रोधक्षेत्र म्हणू. खाली वाकून बसलेल्या स्वाराचे रोधक्षेत्र सायकलीसह साधारण 0.3 चौरस मीटर भरते. एरो फ्रेम व चाकांनी त्यातले 0.01 चौरस मीटर कमी केले असे धरले, तर ताशी 45 किलोमीटरला सुमारे 12 वॅट वाचतात, ताशी 30 ला साडेतीन, आणि ताशी 20 ला जेमतेम एक.

यावरून असा समज रूढ झाला आहे की एरो सायकलीचा फायदा फक्त वेगवान स्वाराला होतो. हा समज अर्धाच खरा आहे. वॅटऐवजी वेळ मोजला तर चित्र उलटते. वरच्याच बचतीने 40 किलोमीटरच्या सपाट अंतरात ताशी 45 च्या स्वाराचा सुमारे अर्धा मिनिट वाचतो आणि ताशी 30 च्या स्वाराचा सुमारे पाऊण मिनिट. दोघांचाही वेग जवळपास एक टक्क्याने वाढतो, पण हळू जाणारा रस्त्यावर अधिक वेळ असतो म्हणून त्याची सेकंदे अधिक. एकच सायकल एका मापाने वेगवानाला अनुकूल ठरते आणि दुसऱ्या मापाने संथाला. मोजपट्टी निवडतानाच निम्मा निकाल लागलेला असतो, आणि ती निवड पदार्थविज्ञान करून देत नाही.

एकूण रोधापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा एकट्या शरीराचा असतो. कोपर वाकवून पाठ आडवी ठेवली, अंगाला घट्ट बसणारा पोशाख घातला, तर फ्रेम बदलून मिळते त्याहून अधिक मिळते. घोळक्यातली गोष्ट आणखी वेगळी आहे. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथील तेव्हाचे प्राध्यापक बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 121 स्वारांच्या घोळक्याभोवतीच्या हवेचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्या स्वारावरचा रोध एकट्या स्वाराच्या 5 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरतो, असे त्यात दिसले. दिवसाचे चार तास अशा आडोशात काढणाऱ्याला आपल्या फ्रेमचा आकार क्वचितच कामी येतो. तो कामी येतो घोळका सोडून एकटा निघालेल्याला, आणि शेवटच्या दोन-तीनशे मीटरच्या धावेत. 2011 मध्ये कोपनहेगनला मार्क कॅव्हेंडिश जगज्जेता झाला तो अशाच धावेत, स्पेशलाइज्ड कंपनीच्या ‘व्हेंज’ या एरो सायकलीवर.

आता दोष. खोल नळ्यांना अधिक कार्बन लागतो, म्हणून पहिल्या पिढ्यांच्या एरो सायकली हलक्या सायकलींपेक्षा बऱ्याच जड होत्या. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी 20 किलोमीटरने चढताना एका जादा किलोसाठी सुमारे साडेचार वॅट मोजावे लागतात; तासाभराच्या घाटात पाऊण मिनिटाचा फरक पडतो. हा दोष आता बराच निवळला आहे. स्पेशलाइज्डने 2020 मध्ये व्हेंज बंद केली आणि हलक्या ‘टारमॅक’मध्येच तिचे गुण सामावून घेतले. बाजूच्या वाऱ्याचा दोष मात्र निवळत नाही. खोल रिमवर वाऱ्याचा झोत बाजूने आला की पुढचे चाक हिसका खाते. हलक्या वजनाच्या स्वाराला उतारावर हे भयावह ठरू शकते. चपट्या नळ्या उभ्या दिशेने कमी लवतात, म्हणून खराब रस्त्याचे धक्के अंगावर येतात. रुंद टायरांनी हा त्रास काहीसा कमी केला आहे.

दुरुस्तीचा दोष सर्वांत कमी बोलला जातो, आणि रोजच्या वापरात तोच सर्वांत जास्त जाणवतो. ब्रेकच्या नळ्या हँडलखालच्या बेअरिंगमधून गेल्या असतील, तर काहीशे रुपयांचे ते बेअरिंग बदलण्यासाठी अनेकदा ब्रेकची नळी सोडवावी लागते, तेल पुन्हा भरून त्यातली हवा काढावी लागते. हँडल दोन सेंटीमीटर खाली-वर करणे हे साध्या सायकलीवर पाच मिनिटांचे काम. येथे ते अर्ध्या दिवसावर जाऊ शकते. सीटपोस्ट आणि हँडल त्याच मॉडेलचे लागतात. ते बाजारातून गेले की चांगली फ्रेमही अडून बसते. वरच्या श्रेणीतल्या सायकलींची किंमत कित्येक लाखांत जाते. ज्याला आपले यंत्र आपल्या हातांनी उघडता-जोडता येते, त्याचे त्या यंत्राशी एक नाते असते. बंदिस्त यंत्राने ते तोडले, तर ती खरी हानी आहे. तिला वॅटमध्ये मोजता येत नाही म्हणून ती हिशेबातून वगळता येत नाही.

गुण आणि दोष शेजारी ठेवले की त्यांच्यातला स्वभावभेद दिसतो. शर्यतीतला गुण सापेक्ष आहे. बारा वॅटची बचत मौल्यवान ठरते ती प्रतिस्पर्ध्याकडे ती नसेल तोपर्यंत. सर्वांकडे एरो सायकल आली की सगळे थोडे वेगाने धावतात आणि निकालाच्या दृष्टीने ती बचत नाहीशी होते. दोष असे नाहीसे होत नाहीत. सर्वांच्याच सायकली महाग झाल्या म्हणून कोणाचा खर्च उणा होत नाही, आणि वाढलेल्या वेगाने पडणाऱ्याची हाडे, बाकीचेही तितक्याच वेगात होते म्हणून कमी मोडत नाहीत. एकट्याने, घड्याळाशीच झुंजणाऱ्या स्वाराच्या बाबतीत गुणही निरपेक्ष ठरू शकतो, कारण तेथे तो नाहीसा करणारे दुसरे कोणी नसते. पण तेथेही आजचा वेळ कालच्या वेळेशी ताडायचा असेल, तर दोन्ही दिवशी साधन तेच हवे.

येथून कर्तृत्वाचा प्रश्न समोर येतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यामागे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे देह, असा अर्थ शंकराचार्यांनी केला आणि ज्ञानेश्वरांनीही; करणे म्हणजे इंद्रिये. बाहेरच्या साधनापर्यंत करणाची कल्पना नेली, तर सायकल शर्यतीला ही मांडणी चपखल बसते. शरीर आहे, इच्छा करणारा आहे, सायकल आहे, पायांची व फुप्फुसांची धडपड आहे, आणि वारा, पाऊस, रस्त्यावरचा खिळा हे कोणाच्याच हाती नसलेले पाचवे कारणही आहे. त्याच ठिकाणी पुढे म्हटले आहे की, हे असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही. एरो सायकलीच्या वादात हा इशारा दोन्ही पक्षांना लागू पडतो. सगळे श्रेय स्वाराला देणारा चुकतो, तसाच ‘हा विजय हँडलचा’ म्हणणाराही.

चूक नेमकी कोठे होते, हे गणितही सांगते. रस्त्याचे घर्षण बाजूला ठेवले, तर सपाटीवरचा वेग हा शक्ती भागिले रोधक्षेत्र या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. शक्ती स्वाराची, रोधक्षेत्र दोघांचे. या दोन गोष्टी बेरजेने जुळलेल्या नाहीत. शेताचे क्षेत्रफळ किती लांबीमुळे आणि किती रुंदीमुळे, असे विचारता येत नाही. दोन्हींपैकी एक शून्य झाली तर शेतच उरत नाही. त्याचप्रमाणे ‘या वेगातले किती किलोमीटर यंत्राचे’ या प्रश्नाला उत्तर नाही. उत्तर सापडलेले नाही असे नव्हे, ते असूच शकत नाही. अर्थपूर्ण प्रश्न वेगळा आहे: एकाच सायकलीवर दोन स्वार असतील तर फरक कोणाचा, किंवा एकच स्वार दोन सायकलींवर बसला तर फरक कशाचा. श्रेय फक्त फरकाचे देता येते, आणि तेही बाकीचे सारे समान धरून.

एका तासात किती अंतर कापता येते या विक्रमाची कथा या कसोटीवर वाचण्यासारखी आहे. 1914 मध्ये ऑस्कर एगने 44.247 किलोमीटर केले आणि तो आकडा जवळपास दोन दशके टिकला. 1933 मध्ये फ्रांसिस फोरने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या, पाय पुढे टाकून निजल्यासारखे बसण्याच्या सायकलीवर 45.055 किलोमीटर केले. फोर हा पहिल्या रांगेतला सायकलपटू मानला जात नव्हता. ‘सायकल म्हणजे नेमके काय’ असा प्रश्न उभा राहिला, आणि 1934 मध्ये जागतिक सायकल संघटनेने, म्हणजे यूसीआयने, असे यंत्र विक्रमांतून व शर्यतींतून बाद केले.

1972 मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत 49.431 किलोमीटर केले. पुढच्या दोन तपांत डिस्क चाके, वाकवलेल्या फ्रेम आणि नवनव्या बैठकी आल्या. 1996 मध्ये ख्रिस बोर्डमन 56.375 किलोमीटरवर पोहोचला, हात पूर्ण पुढे ताणलेल्या ‘सुपरमॅन’ बैठकीत. त्याच वर्षी यूसीआयने लुगानो येथील सनदेत यंत्राहून माणूस श्रेष्ठ हे तत्त्व नोंदवले. 2000 मध्ये मर्क्सच्या काळातल्या धर्तीच्या सायकलीवरचाच तासाचा विक्रम खरा मानायचे ठरले आणि मधले आकडे वेगळ्या यादीत गेले. बोर्डमनने निवृत्तीच्या वेळी तशा साध्या सायकलीवर पुन्हा प्रयत्न केला आणि 49.441 किलोमीटर केले. मर्क्सपेक्षा 10 मीटर जास्त.

त्याच माणसाच्या दोन आकड्यांत 6 किलोमीटर 934 मीटरचे अंतर आहे. ते सगळे यंत्राचे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण 1996 चा बोर्डमन भरात होता आणि 2000 चा कारकीर्द आटोपती घेत होता. बैठक बदलली होती, चार वर्षे उलटली होती. बाकीचे सारे समान नव्हते.

त्याहून मोठी अडचण मर्क्सच्या आकड्याचीच आहे. त्याला निखळ मानवी प्रयत्नाचे माप मानले गेले. प्रत्यक्षात एर्नेस्तो कोलनागो यांनी त्याच्यासाठी सहा किलोंहून हलकी सायकल खास बनवली होती, आणि मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे; तेथील विरळ हवेचा फायदा घेण्यासाठीच ते शहर निवडले गेले. 1972 चे यंत्र ‘नैसर्गिक’ आणि 1996 चे ‘कृत्रिम’ ही रेघ कोणत्याही तत्त्वावर ओढलेली नव्हती. एका थोर स्वाराबद्दलच्या आदराने ती ओढली गेली. आदर योग्यच होता, पण त्याने तत्त्वाचे काम केले नाही. 2014 मध्ये यूसीआयने हा भेद मागे घेतला, आणि 2022 मध्ये फिलिप्पो गान्नाने थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेल्या फ्रेमवर 56.792 किलोमीटर केले.

नियमांची गरज मात्र यामुळे संपत नाही. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी 1978 च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाचा उलगडा असा केला की, खेळणारा माणूस अधिक सोपा मार्ग उपलब्ध असताना नियमांनी निर्माण केलेले अडथळे आपणहून स्वीकारतो, कारण त्या अडथळ्यांशिवाय तो खेळच उरणार नाही. सायकल शर्यत ही मुळातच कार्यक्षमतेवर घातलेली मर्यादा आहे. तेव्हा एखादी सायकल ‘फार कार्यक्षम’ आहे, एवढ्याने तिच्या बाजूनेही काही सिद्ध होत नाही आणि विरुद्धही नाही. मर्यादा कोठे आणि कशासाठी, हे सांगावे लागते.

फरकाचेच श्रेय देता येत असेल, तर न्यायासाठी साधने समान असणे पुरेसे आहे. ती जुनी किंवा संथ असण्याची गरज नाही. 1989 च्या टूर द फ्रान्सच्या अखेरच्या दिवशी, व्हर्साय ते पॅरिस या 24.5 किलोमीटरच्या टप्प्यात, ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या लोराँ फिन्योंच्या 50 सेकंद मागे होता. कोपरे टेकवण्याचे नवे हँडल आणि निमुळते हेल्मेट वापरून त्याने ती पिछाडी भरून काढली आणि टूर 8 सेकंदांनी जिंकली. फिन्योंकडे ते हँडल नव्हते, हेल्मेटही नव्हते, आणि खोगिराच्या घर्षणाने झालेल्या जखमेने तो बेजार होता. लेमाँडचा विजय नियमात बसणारा होता. पण त्या दोघांत अधिक चांगला स्वार कोण, हे त्या टप्प्यावरून ठरवता येत नाही, कारण करण समान नव्हते.

समानता कोणत्या पातळीवर ठेवायची, हे निरपेक्ष दोषांवरून ठरवणे सर्वांत सयुक्तिक दिसते. जपानमध्ये 1948 पासून चालणाऱ्या केइरिन शर्यतींत व्यावसायिक पुरुष स्वार प्रमाणित कारागिरांच्या, ठरावीक मापदंडांतल्या पोलादी सायकली वापरतात. तेथे पैजा लागतात, म्हणून यंत्राचा फरक निकालात शिरू द्यायचा नसतो. त्या शर्यती त्यामुळे नीरस झालेल्या नाहीत. रस्त्यावरच्या शर्यतींत 2000 पासून असलेली 6.8 किलोंची किमान वजनमर्यादा याच जातीची आहे: हलकेपणाची चढाओढ एका रेषेशी थांबवायची, म्हणजे तकलादू सायकली रस्त्यावर येत नाहीत. हवेच्या रोधाला अशी मर्यादा घालणे कठीण आहे, कारण रोध एकट्या सायकलीचा नसतो. त्याऐवजी नळ्यांच्या आकारावर बंधने आली. नळीची खोली रुंदीच्या तिपटीहून जास्त नको, हे बंधन पुढे सैल झाले आणि त्यानंतरच्या फ्रेम आणखी खोल झाल्या. विक्रीला उपलब्ध असलेलीच साधने वापरावीत, हा नियम समानतेचे सर्वांत दुबळे रूप आहे. उपलब्धता आणि ऐपत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साधने समान करता येतात. शरीरे समान करता येत नाहीत, आणि करूही नयेत. धिप्पाड स्वाराची शक्ती त्याच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्त वाढते, म्हणून सपाटीवर तो वरचढ असतो; घाटात हलक्या अंगाचा स्वार पुढे जातो. ही विषमता म्हणजेच अधिष्ठान, आणि शर्यत तिचाच कस पाहते. नियमाची रेघ करण आणि अधिष्ठान यांच्या मधून गेली पाहिजे. या दृष्टीने सर्वांत अन्यायकारक निर्णय ग्रॅम ओब्रीच्या बाबतीत झाला. स्कॉटलंडच्या या हौशी स्वाराने स्वतःची सायकल स्वतः बनवली, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग बसवले आणि हात छातीखाली दुमडून बसण्याची नवी पद्धत शोधली. 16 जुलै 1993 रोजी नॉर्वेतील हामार येथे त्याचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा ट्रॅकवर उतरला आणि 51.596 किलोमीटर केले. 1994 मध्ये ती बैठक बाद ठरवण्यात आली. त्याच्या लाभाचा मोठा वाटा फ्रेमच्या आकारात नव्हता, खर्चात तर नव्हताच. तो शरीर कसे धरायचे याच्या कल्पनेत होता, आणि ती कल्पना हात दुमडू शकणाऱ्या कोणालाही फुकट घेता आली असती. माणसाला यंत्राहून श्रेष्ठ मानू पाहणाऱ्या संघटनेने माणसाच्याच बाजूची गोष्ट काढून घेतली.

शरीराच्या प्रत्येक बैठकीला मोकळीक द्यावी, असा याचा अर्थ नाही. 1 एप्रिल 2021 पासून यूसीआयने उतारावर फ्रेमच्या आडव्या नळीवर बसून वेग घेण्यास बंदी केली. त्या बैठकीत ताशी 80 किलोमीटरच्या वेगाला सायकलीवरचा ताबा कमी होतो, आणि रस्त्यावर मागेपुढे इतर स्वार असतात. ही बंदी निरपेक्ष हानीच्या आधारावर उभी आहे, म्हणून ती शरीराच्या बाजूची असूनही समर्थनीय ठरते. हामारला विक्रमासाठी निघालेल्या ओब्रीच्या पुढे किंवा मागे, संपूर्ण ट्रॅकवर, दुसरा एकही स्वार नव्हता.